'दासी' म्हणजे नेमकं कोण? गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट

पूजा, नैवेद्य, नामस्मरण, सेवा... हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यांचा अर्थ विचारला की जरा अडखळतो. आज असाच एक शब्द घेऊ: 'दास्य'. त्यासाठी जायचंय परभणी जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या गंगाखेडला.

आधी शब्द समजून घेऊ. भागवत पुराणात भक्तीचे नऊ प्रकार सांगितलेत: श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य आणि आत्मनिवेदन. अर्चन म्हणजे गंध, फूल, दिवा, नैवेद्य दाखवून केलेली पूजा. स्मरण म्हणजे देवाचं नाव सतत मनात ठेवणं. दास्य म्हणजे स्वतःला देवाचा सेवक मानणं. सख्य म्हणजे देवाला मित्र मानणं.

आता बघा, एखादा विद्वान माणूस 'मी देवाचा दास' म्हणतो, तेव्हा ती त्यानं स्वतःहून घेतलेली भूमिका असते. पण जिला खरोखरच दासी म्हणून राबावं लागतं, तिनं हा शब्द कसा वापरायचा?

संत जनाबाईंचा जन्म तेराव्या शतकात गंगाखेडला झाला. परंपरा सांगते, की वडील दमा यांनी लहानग्या जनीला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे (१२७०-१३५०) वडील. दळण, कांडण, शेण, पाणी, झाडलोट... जनीचं आयुष्य त्या घरात राबण्यात गेलं.

तो काळही लक्षात घ्या. वैदिक मंत्र म्हणायचा अधिकार शूद्रांना आणि बायकांना नाकारलेला होता. पूजेला वेळ हवा, साहित्य हवं, सोवळं हवं. दासीकडे यातलं काय असणार? पण नाम घ्यायला यातलं काहीच लागत नाही. हात जात्यावर आणि नाव ओठावर! वारकरी परंपरेत नामस्मरणाला एवढं महत्त्व का, ते इथे कळतं.

जनाबाईंच्या नावावर साधारण साडेतीनशे अभंग आहेत. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, त्याला 'नाममुद्रा' म्हणतात. जनाबाई तिथे स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात. म्हणजे ज्या शब्दानं जगानं त्यांना खालची जागा दिली, त्याच शब्दानं त्यांनी आपल्या कवितेवर सही केली. आणि देवाशी बोलताना? कधी त्याला आई म्हणतात, कधी हक्कानं भांडतात, चक्क शिव्याही देतात. दास्यातून थेट सख्यात!

विठ्ठल जनीला दळू लागतो, ही कथा तुम्ही ऐकली असेल. तिला चमत्कार म्हणून बघता येतं. पण त्यात एक साधी गोष्टही आहे: त्या जात्याच्या दुसऱ्या बाजूला हात लावायला दुसरं कुणी नव्हतं.

जात्यावरची ही परंपरा जनाबाईंच्याही आधीची आहे. 'ओवी' हा शब्द 'ओवणे' या क्रियापदाशी जोडला जातो, म्हणजे माळेत मणी ओवावे तसे शब्द ओवणं. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. पुढे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तीही ओवीतच.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही आहेत. पण गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि त्याबरोबर गाणंही थांबलं. ज्या आज्यांना ओव्या पाठ आहेत, त्यांची संख्या दरवर्षी कमी होतेय.

मोबाइल तर तुमच्या हातात आहेच. आजीला, मावशीला विचारा, "जात्यावरची एखादी ओवी येते का?" आणि त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्डिंगचं बटण दाबा. देवघरात न मावलेली भक्ती कशी असते, ते त्यांच्या आवाजातच ऐका.

भेटू पुढच्या भागात!