एकवीस अपेक्षित ते एकशे ऐंशी गोल

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून किंवा यारी रोडवरून पाहिलं तर मेडिकल कॉलेज अगदी हाकेच्या अंतरावर आहे. जुहूला कूपर रुग्णालयाला जोडून महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झालं. मात्र वर्सोव्यातल्या बारावीच्या मुलामुलींना तिथवर पोचायचं तर आधी उलट्या दिशेने जावं लागतं: मेट्रो पकडून अंधेरी, तिथला क्लास, आणि क्लासची टेस्ट सिरीज. ही टेस्ट सिरीज राजस्थानातल्या कोट्याहून आली, असं पालक धरून चालतात. पॅकिंग कोट्याचं असेल. माल बराचसा महाराष्ट्रातलाच आहे.

सत्तरच्या दशकात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि इंटर सायन्सची जागा बारावीने घेतली. पुढची सुमारे दोन दशकं राज्यातला मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवरच ठरत असे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, म्हणजे पीसीबी. वेगळी प्रवेश परीक्षा नव्हती, त्यामुळे सराव बोर्डाच्या पेपरचाच. कॉलेजची प्रिलिम आणि नवनीतचे ‘२१ अपेक्षित’ प्रश्नसंच, एवढ्यावर घराघरांतला जानेवारी-फेब्रुवारी निघत असे. मराठी शाळेतल्या मुलांना सराव पेपर तसाही नवा नव्हता. चौथीच्या आणि सातवीच्या स्कॉलरशिपने ती सवय आधीच लावलेली असायची.

त्या सरावाचं स्वरूप आज विसरल्यासारखं झालं आहे. पेपर लिहायचा असे. हृदयाची आकृती काढून नावं द्यायची, सूत्र सिद्ध करून दाखवायचं, उत्तराला मुद्दे पाडायचे. तपासणाऱ्या शिक्षकाला पायरीपायरीने दिसे की मुलाचं घोडं नेमकं कुठे अडलं. लाल शाईतला एक शेरा पुढच्या पेपरपर्यंत पुरे.

या पद्धतीला यंत्रणेचं रूप दिलं लातूरने. राजर्षी शाहू महाविद्यालय तिथे १९७० मध्ये सुरू झालं. जनार्दन वाघमारे त्याचे संस्थापक प्राचार्य, आणि पुढे अनिरुद्ध जाधव यांचं नाव ‘लातूर पॅटर्न’शी कायमचं जोडलं गेलं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं दिसू लागली आणि मुंबई-पुण्याच्या भुवया उंचावल्या. युक्ती साधी होती: अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि उरलेले महिने पेपरमागून पेपर सोडवून घ्यायचे, तेही वेळ लावून आणि प्रत्येक पेपर तपासून. घोकंपट्टीचा कारखाना म्हणून टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. पण तेव्हा हे काम कॉलेजच्या आवारात, कॉलेजचेच शिक्षक करत होते, ही बाब टीकाकारांनी फारशी नोंदवली नाही. आज ती जास्त महत्त्वाची वाटते.

मग परीक्षाच बदलली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात अखिल भारतीय कोट्याचा मार्ग आखून दिला आणि १९८८ पासून त्या १५ टक्के जागांसाठी देशपातळीवर प्रवेश परीक्षा होऊ लागली. राज्याच्या जागा तोवर बारावीच्या गुणांवरच होत्या. पण बोर्ड अनेक, तपासणी वेगवेगळी. एकाचे नव्वद टक्के दुसऱ्याच्या नव्वदांइतके कसे धरायचे? मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमांनी जिथे एकाहून अधिक बोर्ड किंवा विद्यापीठं आहेत तिथे स्पर्धात्मक प्रवेश परीक्षेचा आग्रह धरला, आणि नव्वदचं दशक सरता सरता महाराष्ट्रात सीईटी आली. २०० प्रश्न, तीन तास. फिजिक्सचे ५०, केमिस्ट्रीचे ५०, बायोलॉजीचे १००. चुकलं तर गुण कापले जात नसत.

हिशेब केला तर एका प्रश्नाला ५४ सेकंद. लाल शाईचं काम इथे संपलं. उत्तरपत्रिकेवर आता काळे केलेले गोल तेवढे उरले, आणि गोल चुकला तर तो का चुकला हे गोलावरून कळत नाही. सराव पेपर काढणं मात्र सोपं झालं: प्रश्नांचा साठा करा, क्रम बदला, यंत्राने तपासा, यादी लावा. लिहिलेले पेपर तपासायला शिक्षक लागत; गोल तपासायला लागत नाहीत. कॉलेजच्या हातातला सराव क्लासच्या हातात जाण्याचं मोठं कारण हेच असावं. पुढे अनेक कनिष्ठ महाविद्यालयांनी क्लासशीच संधान बांधलं. नाव कॉलेजात, विद्यार्थी क्लासमध्ये. २०१८ मध्ये राज्य सरकारने मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, त्याच्या मुळाशी ही ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था होती.

परीक्षेचा साचा बदलला की सराव कसा कुचकामी होतो, हे २०१६ च्या तुकडीला विचारावं. मेडिकलसाठीची देशभराची एकच प्रवेश परीक्षा ‘नीट’ ५ मे २०१३ रोजी पहिल्यांदा झाली आणि १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. महाराष्ट्र पुन्हा सीईटीकडे वळला. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने तो निकाल मागे घेतला आणि २८ एप्रिलला सांगितलं की प्रवेश याच वर्षी ‘नीट’मधून. महाराष्ट्राची सीईटी अवघ्या आठवड्यावर, ५ मेला होती. ती झाली. ९ मेला राज्यांची विनंती फेटाळली गेली, म्हणजे चार दिवसांपूर्वी दिलेली परीक्षा मेडिकलपुरती बाद! २४ मेला वटहुकूम निघाला आणि सरकारी जागांपुरती ती पुन्हा ग्राह्य धरली गेली. खासगी जागांसाठी २४ जुलैची ‘नीट’ द्यावी लागलीच. या मुलांनी सराव केला होता बारावीच्या राज्य अभ्यासक्रमावर, दंड नसलेल्या पेपरचा. आता समोर अकरावी-बारावी दोन्ही, एनसीईआरटीची पुस्तकं आणि चुकीला उणे एक. त्या मे महिन्यात नव्या प्रश्नसंचांसाठी पालकांची जी पळापळ झाली, ती अंधेरीपासून लातूरपर्यंत सारखीच होती.

या उणे एकाबद्दल थोडं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला उणे एक, पर्याय चार. डोळे मिटून तुक्का मारला तरी सरासरी पाव गुण मिळतोच. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी दोन तृतीयांश गुणापर्यंत जाते. तरीही अनेक मुलं दंडाच्या धास्तीने प्रश्न कोरे सोडतात, तर काही वेळ संपत आल्यावर अंदाधुंद गोल भरत सुटतात. कुठे थांबायचं, कुठे ठोकून द्यायचं, हा निर्णय पुस्तक वाचून येत नाही. तो घड्याळ लावून पेपर सोडवल्यावरच अंगवळणी पडतो. टेस्ट सिरीजची खरी कमाई काही असेल तर ही.

आणखी एक कमाई आहे, तिची जाहिरात कुणी करत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे परीक्षा स्मरण मोजते तशी ते पक्कंही करते. गंमत अशी की प्रयोगातली मुलं आठवून लिहीत होती, गोल काळे करत नव्हती. लातूरचा जुना लेखी सराव त्या प्रयोगाच्या जास्त जवळचा होता.

‘नीट’ २०१७ पासून मराठीतही देता येते आणि २०१९ पासून ती राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए घेते. मधली काही वर्षं पेपरमध्ये २०० प्रश्न देऊन त्यातले १८० सोडवायला सांगत. २०२५ पासून पुन्हा सरळ १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. एनटीएने मे २०२० मध्ये ‘नॅशनल टेस्ट अभ्यास’ नावाचं मोफत अ‍ॅपही काढलं. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी मिळाले, पेपरफुटीच्या तक्रारी आल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अशा गोंधळावर कुठलीच सराव परीक्षा उपाय नाही.

पण बाकी सगळ्याचं काय? जुने पेपर आणि त्यांच्या उत्तरसूची मोफत मिळतात. वर्सोवा-अंधेरीतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत वर्ग आहेत, बाकं आहेत, विषय शिकवणारे शिक्षक आहेत. रविवारी दुपारी दोन ते पाच दार उघडं ठेवावं, पेपर द्यावा आणि सोमवारी पहिल्या तासाला प्रत्येकाने आपला चुकलेला प्रश्न फळ्यावर लिहून सोडवावा. लातूरच्या प्राचार्यांनी यापेक्षा कमी साधनांत हे करून दाखवलं होतं.