चेरीची बाग आणि चेरीचे झाड

चेरी म्हटली की आपल्याकडील बहुतेकांस केकवरचा तो तांबडाभडक गोड मणी आठवतो. तो मणी पुष्कळदा चेरीचा नसतोच. आपल्याच डोंगरातले करवंद बी काढून, पाकात मुरवून व रंगवून त्यास ते सोंग दिलेले असते. खऱ्या चेरीचे मुख्य प्रकार दोन. एक गोड, झाडावरून तोडून तोंडात टाकावयाची. काश्मीर व सिमल्याकडून उन्हाळ्यात पेट्यांतून येते ती हीच. दुसरी आंबट. तिचा खरा उपयोग स्वयंपाकघरात, साखरेच्या संगतीत. रशियन भाषेत ह्या दोहींस दोन स्वतंत्र नावे आहेत: गोडीला चिरेश्न्या आणि आंबटीला विश्न्या. चेखॉव्हचे ‘चेरीची बाग’ हे नाटक विश्न्याच्या बागेचे आहे. इंग्रजीवरून ते वाचणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट राहत नाही, आणि त्यामुळे नाटकातील व्यवहाराचा निम्मा भाग अंधारात राहतो.

नाटक 1904 च्या जानेवारीत मॉस्को आर्ट थिएटरात रंगभूमीवर आले. त्याच वर्षीच्या जुलैत चेखॉव्ह वारला. कथा सर्वश्रुत आहे. कर्जात बुडालेली जमीनदारीण आणि फुलांनी पांढरी झालेली तिची विस्तीर्ण बाग. लोपाखिन हा व्यापारी तिच्याच घराण्याच्या भूदासांच्या वंशातला. तो सल्ला देतो की बाग तोडा, जमिनीचे लहान तुकडे पाडा आणि शहरवासीयांस उन्हाळी घरांसाठी भाड्याने द्या. सल्ला कोणी मनावर घेत नाही. बाग लिलावात निघते, लोपाखिनच ती विकत घेतो, आणि शेवटी कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. स्तानिस्लावस्कीने आपल्या आठवणींत एक गमतीची हकीकत दिली आहे. नावातील एका शब्दाचा आघात बदलून चेखॉव्ह ते मोठ्या खुशीत पुन्हा पुन्हा म्हणून दाखवी: एका उच्चाराने उत्पन्न देणारी बाग, दुसऱ्याने नुसती शोभेची. त्याने दुसरा उच्चार पसंत केला.

ह्या बागेवर सर्वांत कडवा आक्षेप घेतला तो इव्हान बूनिनने. बूनिन स्वतः जमीनदारांच्या घराण्यातला. चेखॉव्हविषयीच्या लेखनात तो म्हणतो की केवळ चेरीची बाग रशियात कोठेच नव्हती. जमीनदारांच्या बागांत चेरीसाठी एखादा कोपरा असे, एवढेच. आणि त्या झाडात डोळे दिपण्यासारखे तरी काय आहे? वेडेवाकडे खोड, बारीक पाने, बारीक फुले. आक्षेप तुसडेपणाचा आहे खरा, परंतु बागकामाच्या दृष्टीने तो पोकळ नव्हे. आंबट चेरी हे मुळी राजेशाही उपवनाचे झाड नाही. ते परसातले झाड आहे, हे तिच्या अंगच्या गुणांवरूनच दिसून येते.

ही चेरी म्हणजे दोन निराळ्या चेरींचा जुना नैसर्गिक संकर. एका बाजूने गोड चेरीचा उंच वृक्ष, दुसऱ्या बाजूने गवताळ माळावर वाढणारे रानचेरीचे ठेंगणे झुडूप. गोड चेरीच्या पेशीत 16 गुणसूत्रे असतात, आंबट चेरीच्या पेशीत 32. झुडपाकडून तिला तीन गोष्टी मिळाल्या: आखूड बांधा, थंडी सोसण्याची ताकद, आणि मुळांतून धुमारे फेकण्याची खोड. ही शेवटची खोड बागवानाच्या डोक्याला ताप आहे आणि त्याचा आधारही आहे. क्ल्याझ्मा नदीच्या उंच काठावर वसलेल्या व्लादिमिर शहराच्या घराघरांतून जी प्रसिद्ध व्लादिमिर्स्काया चेरी पसरली, ती अशा धुमाऱ्यांवरच. शेजाऱ्याकडून एक धुमारा मुळासकट आणावा आणि लावावा; कलमाची गरज नाही, खर्चही नाही. एखाद्या हिवाळ्यात वरचे झाड गोठून मेले तरी मुळातून पुन्हा तीच चेरी उठते. कलमी झाडाचे तसे नसते. तेथे खालून उठतो तो नुसता खुंटाचा रानटी फुटवा.

मात्र व्लादिमिर्स्काया एकटी फळत नाही. तिच्या फुलांस दुसऱ्या जातीचे पराग लागतात, आणि ते मधमाशी कुंपणापलीकडून आणते. ज्यांस शेजारावर अवलंबून राहणे नको त्यांच्यासाठी कुर्स्क प्रांतातली ल्यूब्स्काया होती. ती आपल्याच परागांवर फळते. फुलोरा मे महिन्यात येतो, आणि त्याच सुमारास रात्री अवचित हिम पडते. नाटकाच्या पहिल्या अंकात एपिखोदोव्ह नावाचा कारकून सांगतो की बाहेर शून्याखाली तीन अंश थंडी आहे आणि चेरी तर फुलल्या आहेत. ह्या धांदरट पात्राला प्रेक्षक हसतात. चेरी लावणारा मनुष्य हसणार नाही. उमललेल्या फुलाचा गर्भ तेवढ्या थंडीत जळून जातो आणि त्या वर्षीचे पीक तेथेच संपते.

आता फळाकडे वळू. ते जुलैत पिकते आणि देठासकट खुडावे लागते. देठ तुटला की रस गळू लागतो, आणि मग फळ एक दिवसही धड टिकत नाही. म्हणून लगोलग बी काढा, साखरेत शिजवा, वाळवा, नाहीतर अर्कात घाला. रशियन बायका केसांतल्या आकड्याने एकेक बी काढीत. कोकणात रातांबे फोडून आमसुले घालणाऱ्या घरास हे काम नव्याने समजावून सांगावयास नको. एका झाडाचे फळ घरची चार माणसे दोन दिवसांत उरकतील. पण हजार झाडांचे?

येथे फिर्स ह्या म्हाताऱ्या नोकराचे बोलणे आठवावे. तो सांगतो की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी चेरी वाळवीत, मुरवीत, मुरंबा करीत, आणि वाळलेल्या चेरीच्या गाड्याच्या गाड्या मॉस्को व खार्कोव्हला जात. ती कृती तेव्हा ठाऊक होती. आता कोणास ठाऊक नाही. लोक ही स्मृतिभ्रंशाची कथा समजतात. माझ्या मते ती हिशेबाची कथा आहे. नाटकाच्या काळातून पन्नास वर्षे वजा केली की आपण 1861 च्या अलीकडे राहत नाही, आणि 1861 साली रशियात भूदासांची मुक्तता झाली. त्याआधी फळ खुडणारे, बी काढणारे, भट्टीपाशी बसणारे हात फुकट होते. ते हात गेले आणि त्यांच्याबरोबर कृतीही गेली. लोपाखिन म्हणतो की चेरीला दोन वर्षांतून एकदा पीक येते आणि तेही कोणी विकत घेत नाही. त्यात अरसिकता नाही. फुकट मजुरीवाचून एवढी मोठी बाग चालणार नाही, हे त्याने ओळखले आहे. त्याचा बाप व आजोबा त्याच वाड्यात भूदास होते, त्यामुळे त्या मजुरीची किंमत वाड्यातील इतर कोणाहून त्यास अधिक कळत असली पाहिजे.

चेखॉव्हला स्वतःला झाडे लावण्याचा नाद होता. 1892 साली त्याने मॉस्कोच्या दक्षिणेस मेलिखोवो येथे जमीन घेतली आणि त्याच शरद ऋतूत साठ चेरी व ऐंशी सफरचंदे लावली. 1899 मध्ये ती जागा त्याने एका लाकडाच्या व्यापाऱ्यास विकली. त्याच्या नायिकेच्या बागेपुढे साठ झाडे म्हणजे काहीच नव्हे, पण एका कुटुंबाला ती पुरून उरतील.

लोपाखिनच्या तोंडी आणखी एक वाक्य आहे, ते सहसा कोणी उद्धृत करीत नाही. तो म्हणतो की उन्हाळ्यापुरता येणारा भाडेकरू आज नुसता चहा पीत बसेल, परंतु उद्या तो आपल्या तुकड्यावर लागवडही करू लागेल, आणि मग ही बाग खरी समृद्ध होईल. हे भाकीत खरे ठरले, मात्र लोपाखिनचा वर्ग नाहीसा झाल्यावर. 1949 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत सरकारने कामगार व नोकरदार यांच्या फळबागांविषयी हुकूम काढला, आणि त्यानंतरच्या दशकांत शहरांभोवती लक्षावधी कुटुंबांस लहान तुकडे मिळाले. ह्या तुकड्याचे रूढ नाव ‘सहा सोत्की’. सोत्का म्हणजे शंभर चौरस मीटर. आपल्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा. त्या सहा गुंठ्यांत बटाटे, काकडी, एक लाकडी खोली, आणि कुंपणाशी विश्न्या. जे झाड तोडून तुकडे पाडावयाचे होते, ते तुकडे पडल्यावरच पुन्हा लागले.

तेथेही ते सुखाने नांदले असे नाही. 1978 च्या डिसेंबरअखेरीस पडलेल्या कडाक्याच्या थंडीने मध्य रशियातील फळझाडे मोठ्या संख्येने मारली. त्याहून हळू आणि अधिक घातक ठरली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरलेली पानांवरील बुरशी. पानांवर तांबूस ठिपके पडतात, ऐन उन्हाळ्यात पाने गळतात, नवी लाकडे पक्व होत नाहीत, आणि मग जी थंडी झाड एरवी हसत सोसते तिने ते मरते. व्लादिमिर्स्काया व ल्यूब्स्काया ह्या दोन्ही जुन्या जाती ह्या रोगाला सहज बळी पडतात. नाशिककडील द्राक्षबागायतदारांस परिचित असलेले मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण येथेही कामी येते. खरा उपाय मात्र शरद ऋतूत गळलेली पाने वेचून जाळण्याचा. बुरशी हिवाळाभर त्यांतच दबा धरून असते. आपल्या अंगणातील पाने मनुष्य वेचील. पण ज्या कुंपणापलीकडून पराग येतो, ज्याच्याखालून धुमारे शेजारी जातात, त्याच कुंपणावरून बुरशीचे बीजही वसंतात येते. म्हणून शेजाऱ्यानेही पाने जाळली आहेत की नाहीत, हे एकदा विचारून यावे लागते.