तार कोठे ऐकावी

वसई-दिवा लोहमार्गावरील खारबाव आणि भिवंडी तालुक्यातील आसपासचा आगरी मुलूख येथे हळदीच्या रात्री धवलारणीचे धवळे संपून नाच सुरू झाला, की ज्या बँजोवाचून मांडव सुना वाटतो, त्याची वंशावळ थेट जपानातील नागोया शहरापर्यंत पोहोचते. कारण गोरो मोरिता याने १९१२ साली तारांवर टंकलेखन-यंत्रासारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' हे जे वाद्य सिद्ध केले, तेच हिंदुस्थानात बुलबुलतरंग झाले आणि मुंबई-ठाण्याच्या वादकांच्या तोंडी बँजो म्हणून रुळले.

उघड्या अंगणात ढोल-ताशापुढे नुसत्या तारेचा निभाव लागणे अशक्य, म्हणून त्यावर पिकअप आला: लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, ज्यात पोलादी तारेच्या कंपनाने क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. परंतु तो तारेखाली नेमका कोठे बसवावा? गिब्सन कंपनीने १९३६ च्या ईएस-१५० गिटारीत तो मानेजवळ बसविला, आणि १९३९ पासून बेनी गुडमनच्या ताफ्यात चार्ली ख्रिश्चनचा भरदार, गोल स्वर त्याच जातीच्या गिटारीतून जगाने ऐकला. फेंडरने १९५० साली एक पिकअप मानेपाशी व दुसरा घोडीपाशी ठेवून निवडीचा अधिकार वादकाच्या बोटाखालच्या कळीकडे सोपविला. घोडीपाशी तार जखडलेली असल्याने तेथे मूळ स्वराचे आंदोलन अल्प, सबब वरचे उपस्वर तुलनेने प्रबळ होऊन नाद धारदार निघतो. मानेकडे आंदोलन विस्तारते आणि मूळ स्वर पुष्ट होतो. मोकळ्या तारेच्या बरोबर चतुर्थांशावर बसविलेल्या पिकअपला तर चौथा उपस्वर ऐकूच येत नाही, कारण तेथे त्याचा निस्पंद बिंदू असतो. पडद्यावर बोट दाबताच कंप पावणारी लांबी बदलते आणि तो बिंदूही सरकतो. तारेच्या स्थानभेदाचे हे ज्ञान आपल्याकडे पूर्वापार होते. तंबोऱ्याची तार मध्यभागी छेडतात, सतारीची घोडीच्या बाजूला, ती याच विवेकाने.

बँजोला मात्र ही दुहेरी निवड लाभलेली नाही. कळांनी तारेचा बहुतेक भाग व्यापल्यामुळे पिकअप कळा आणि घोडी यांमधल्या मोकळ्या पट्ट्यातच बसतो, आणि उरलेली तजवीज वादकाच्या नखीला करावी लागते: घोडीकडे सरकली तर तीक्ष्णता, कळांकडे सरकली तर मार्दव. या स्वराला कर्कश ठरविणाऱ्यांचे मत मला मुळीच मान्य नाही. खालच्या स्वरांचा प्रदेश ढोलाने आधीच व्यापलेला असतो. तेथे गोल, गंभीर स्वर विरून गेला असता, आणि गाण्याची चाल नाचणाऱ्यांपर्यंत पोहोचविण्याचे कर्तव्य हा धारदार स्वरच पार पाडतो.

या वाद्याचे दप्तर कोणी राखलेले नाही. म्हणून खारबाव-भिवंडीकडे ज्यांच्या घरी जुना बँजो असेल, त्यांनी तो मोडीत काढण्यापूर्वी त्याचा पिकअप घोडीपासून किती अंतरावर बसविला आहे, एवढे तरी मोजून लिहून ठेवावे.