बटेरचं खाद्य आणि टॉनिकची बाटली : थोडा इतिहास, थोडा हिशेब



बटेरच्या कुठल्याही शेडवर जा, पाण्याच्या टाकीशेजारी बाटल्यांची रांग दिसते. लिव्हर टॉनिक, कॅल्शियम, जीवनसत्त्वं. अंडी घटली की दुकानदार आणखी एक बाटली हातात देतो. मीही बटेर पाळतो. ही पूरक खाद्यं मुळात आली कशासाठी, ते वाचून काढलं. ते कळलं की कुठली बाटली घ्यायची आणि कुठली दुकानातच राहू द्यायची, हे बरंचसं आपलं आपल्याला ठरवता येतं.

सुरुवात होते जावा बेटावर. १८९० च्या सुमारास तिथं आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी रोगावर काम करत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायला लागले. चौकशी केली तर त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्यानं लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला. मग कोंड्यासकट तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या चालायला लागल्या. गुण कोंड्यात होता. त्यालाच आज आपण बी-१ जीवनसत्त्व म्हणतो. १९२९ मध्ये आइकमनला नोबेल मिळालं.

पुढची गोष्ट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची. १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत तिथल्या शास्त्रज्ञांनी पाहिलं की घरात कोंडून वाढवलेली पिल्लं पायानं अधू होतात. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं किंवा ऊन दाखवलं की सुधारतात. हे डी जीवनसत्त्व. कोपनहेगनमध्ये डाम यांनी पिल्लांना स्निग्ध पदार्थ काढून घेतलेलं खाद्य दिलं, तर त्यांना रक्तस्राव व्हायला लागला. त्यातून १९३५ मध्ये के जीवनसत्त्वाला नाव मिळालं. १९३६ च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात कळलं की पिल्लांच्या पायाची शीर सांध्यावरून निसटते ती मँगनीज कमी पडल्यामुळं. १९४८ मध्ये बी-१२ वेगळं काढता आलं, आणि मासळीच्या भुकटीशिवाय सोयाबीन पेंडीवर खाद्य बनवणं सोपं झालं.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. कोंबडी उकिरडा उकरत होती, किडे, पाला, खडे वेचत होती, उन्हात लोळत होती, तोवर यातलं बरंचसं तिचं ती मिळवायची. आपण तिला कोंडलं, तेव्हा जे तुटलं ते पोत्यातून परत द्यावं लागलं. म्हणजे पूरक खाद्य ही कमतरतेची भरपाई आहे. कमतरता नसेल तर जादा डोसानं जादा अंडी मिळत नाहीत.

आता बटेरकडं येऊ. जपानमध्ये हा पक्षी आधी आवाजासाठी पाळायचे. एदो काळात त्याच्या गाण्याच्या स्पर्धा लागायच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंड्यांसाठी निवड सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात गाणारे वाण संपले, अंड्यांचेही जवळजवळ गेले. उरलेल्या थोड्या पक्ष्यांवरून धंदा पुन्हा उभा राहिला. आज आयची प्रांतातलं तोयोहाशी हे त्याचं मोठं केंद्र आहे.

१९६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथं विल्सन, अ‍ॅबट आणि अ‍ॅप्लानॅल्प यांनी बटेर हा कोंबडीवरच्या प्रयोगांसाठी नमुना पक्षी म्हणून किती चालतो, ते तपासलं. जागा कमी, खाद्य कमी, सहा-सात आठवड्यांत अंडं. पण बटेर म्हणजे छोटी कोंबडी नव्हे, तिची गरजही वेगळी. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या कुक्कुट आहाराच्या पुस्तकात जपानी बटेरला स्वतंत्र तक्ता आहे : वाढीच्या पक्ष्याला २४ टक्के प्रथिनं आणि ०.८ टक्के कॅल्शियम. अंड्यावरच्या पक्ष्याला २० टक्के प्रथिनं आणि २.५ टक्के कॅल्शियम.

आपल्याकडं हा पक्षी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून इज्जतनगरला आला. (आपल्या माळावरचा लावा वेगळा. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो पकडायचा नाही.) पक्षी आला, पण त्याच्या खाद्याचं पोतं गावोगावच्या दुकानात आलं नाही. म्हणून बरेच जण ब्रॉयलरचं खाद्यच शेवटपर्यंत घालतात, आणि अंड्याचं कवच पातळ झालं की बाटली आणतात.

आता हिशेब करा. बटेर साधारण १७० ग्रॅमची, अंडं १० ग्रॅमचं. म्हणजे अंगाच्या सहा टक्के. कोंबडीचं अंडं तिच्या वजनाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. बटेरच्या एका कवचात अंदाजे ०.३ ग्रॅम कॅल्शियम जातं. पक्षी दिवसाला २५ ग्रॅम खातो. ब्रॉयलर खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे मिळतं ०.२५ ग्रॅम, आणि तेही सगळं अंगी लागत नाही. उरलेलं ती हाडातून काढते. आधी कवच पातळ होतं, मग अंडी थांबतात, मग पक्षी बसतो.

शंभर बटेर अडीच किलो खातात. एक टक्क्यावरून अडीच टक्क्यांवर जायला रोज साधारण ३८ ग्रॅम कॅल्शियम जादा लागतं. शिंपल्याच्या चुऱ्यात ते ३८ टक्के असतं. म्हणजे शंभर पक्ष्यांना रोज १०० ग्रॅम चुरा, क्विंटल खाद्याला चार किलो. तो पहिलं अंडं दिसल्यावर सुरू करायचा, पिल्लांना नाही. कोंबडीचं लेअर खाद्य घालत असाल तर उलटी अडचण : कॅल्शियम भरपूर, पण प्रथिनं १६-१७ टक्केच.

म्हणून अंडी घटली तर आधी पोत्यावरचं लेबल वाचा. प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही बघा. पक्षी रोज किती ग्रॅम खातात ते तोला. उजेड १४ ते १६ तास मिळतो का ते बघा. खाद्य जुनं, बुरशी लागलेलं नाही ना, ते हातात घेऊन हुंगा. एवढं करून काही कमी निघालं तर तेवढंच विकत घ्या. आणि बाटली घेतलीच, तर तिच्यावरचा कॅल्शियमचा आकडा वरच्या ३८ ग्रॅमशेजारी मांडा. शंभर पक्ष्यांना रोज किती बाटल्या लागतील ते दुकानदारासमोरच कळेल.