‘कट्‌’चे कूळ

गुरुग्राम-नोएडातल्या दवाखान्यांच्या रील्समध्ये हल्ली रोग्याच्या मानेजवळ माइक धरलेला दिसतो. मान झटक्यात वळते, ‘कट्‌’ असा आवाज येतो आणि पाहणाऱ्याला वाटते, हाड जागेवर बसले. हाड कुठेच गेलेले नसते. सांधा ताणला की आतल्या द्रवातला दाब घटतो, तिथे वायूचा बुडबुडा होतो, आवाज त्याचा.

दिल्लीत हाडे-सांधे बसवण्याच्या विद्येचे जुने घराणे आखाड्याचे. कुस्तीत खांदा निखळला, घोटा मुरगळला की उस्तादच ओढून बसवायचे. मग त्याच हातांकडे मोहल्लाही लंगडत येऊ लागला. जुन्या दिल्लीत हाडवैद्याला आजही ‘पहलवान’ म्हणतात, त्याने जन्मात लंगोट कसला नसला तरी! मोडलेल्या हाडासाठी ओढणे, दाबणे, जुळवणे, बांधणे या क्रिया सुश्रुताने सांगून ठेवल्यात. पण आखाड्यातला हात पोथीवर नाही, दुसऱ्याचा हात पाहून तयार झाला.

दुसरे घराणे लंडनचे. मालिशच्या आडून वेश्याव्यवसाय चालतो अशी १८९४ मध्ये ओरड झाली, तेव्हा चार परिचारिकांनी आपली अब्रू राखायला संस्था काढली. परीक्षा, नियम, आणि डॉक्टरांनी खास सांगितल्याशिवाय पुरुषांना मालिश नाही. ब्रिटनमधली फिजिओथेरपी या सोवळ्यातून वाढली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत, आयोवात, चुंबकीय उपचार करणाऱ्या डॅनिएल पामरने एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीला झटका देऊन त्याला ऐकू आणल्याचा दावा केला. कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणक्याला झटके देऊन करायच्या उपचारांची, कुळकथा ती. कान आणि पाठीचा मणका यांचे नाते मला तरी पटत नाही, पण गुरुग्रामची रील याच वंशातली.

फिजिओथेरपीचे शिक्षण आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झाले. दिल्लीत ती शिकवणारी एक मोठी संस्था आहे विष्णु दिगंबर मार्गावर, म्हणजे आपल्या पलुसकरबुवांच्या नावाच्या रस्त्यावर. दिल्लीने १९९७ मध्ये फिजिओथेरपिस्टांच्या नोंदणीसाठी परिषदेचा कायदा केला. देशपातळीवरचा कायदा यायला २०२१ उजाडले.

मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. क्वचित, पण आहेत. तेव्हा मान कुणाच्या हाती देण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक विचारा.