हाताला बसेल अशी रॅकेट

निंदणाला जाताना दुसरीचं खुरपं नेलं की दिवस मावळेपर्यंत तळहाताला फोड येतात, हे केळझरच्या शिवारात कुणाला सांगावं लागत नाही. मूठ जाड असली की बोटं आखडतात, पातं जड असलं की मनगट भरून येतं. आपल्या गावाला जुनी माणसं एकचक्रानगरी म्हणतात, भीमाने बकासुराला मारलं ते हेच गाव, असं सांगतात. त्या कथेतही भीमाची गदा भीमालाच शोभते आणि धनुष्य अर्जुनाला. ज्याचा जसा हात, तसं त्याचं हत्यार.

आज आम्ही टेनिसच्या रॅकेटचा इतिहास सांगणार आहोत. आपल्या पोरी आता शाळेत, तालुक्याला नाना खेळ खेळतात. त्यांच्या हातात आपण काय देतो, याचा विचार या इतिहासातून करता येतो.

आजचं लॉन टेनिस इंग्लंडात 1870 नंतरच्या काळात रुजलं. विम्बल्डनची स्पर्धा 1877 साली सुरू झाली, तीही फक्त पुरुषांसाठी. बायकांना तिथे 1884 साली जागा मिळाली आणि मॉड वॉटसन पहिली विजेती ठरली. रॅकेट तेव्हा लाकडाची असे. अ‍ॅश नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर वाकवून तिची चौकट करत आणि जनावराच्या आतड्याची तात तिच्यात ओवत. वजन पावणेचारशे-चारशे ग्रॅमपर्यंत भरे. दमट हवेत लाकूड वाकडं होई, म्हणून खेळ झाला की रॅकेट स्क्रूच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. पाऊस लागला की तातही ढिली पडे.

अशा लाकडी रॅकेटच्या काळात आपल्या महाराष्ट्रातली एक मायलेकीची जोडी टेनिस खेळत होती. आई पंडिता क्षमा राव. त्या 1890 साली पुण्यात जन्मल्या. शंकर पांडुरंग पंडित या विद्वानांची ही लेक. वडील लहानपणीच गेले, तरी क्षमाबाईंनी संस्कृतात कविता आणि कथा लिहून नाव मिळवलं, आणि टेनिसही उत्तम खेळल्या. त्यांची मुलगी लीला राव 1911 साली मुंबईत जन्मली. लीलाबाईंनी 1934 साली विम्बल्डनमध्ये ग्लॅडिस साउथवेल हिला हरवलं. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढच्या फेरीत ती हरली, पण वाट पडली होती. घरात आईच्या हाती रॅकेट असली की लेकीला ती परकी वाटत नाही, हे या घराकडे बघून कळतं.

लाकडाची सद्दी पुढेही बरीच वर्षं टिकली. 1967 साली पोलादी रॅकेट बाजारात आली. मग हॉवर्ड हेड नावाच्या अमेरिकी माणसाने मोठा फरक केला. हा बर्फावरून घसरायच्या पट्ट्या बनवणारा कारागीर. टेनिस शिकायला गेला तर चेंडू कडेला लागून रॅकेट हातात फिरायची. खेळ सुधारेना, तेव्हा त्याने रॅकेटच सुधारली. तिचं तोंड रुंद केलं. जुन्या रॅकेटचं तोंड साधारण 65 ते 70 चौरस इंचांचं असे, याचं 110 च्या घरात गेलं. 1976 साली ती विकायला आली, तेव्हा जाणकार हसले. दोनच वर्षांनी, 1978 साली, पॅम श्रायव्हर नावाची 16 वर्षांची मुलगी तीच रॅकेट घेऊन अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पोचली. ती ख्रिस एव्हर्टकडून हरली, पण हसणं बंद झालं. पुढे ग्रॅफाइट आलं, वजन उतरलं, आणि 1980 च्या दशकात लाकडी रॅकेट मोठ्या स्पर्धांतून गेली.

रॅकेट निवडताना काय बघायचं, तेही यातूनच उलगडतं. जड रॅकेट चेंडूच्या धक्क्याने हलत नाही, पण हात लवकर थकवते. हलकी रॅकेट झपकन फिरते, पण जोराचा चेंडू आला की थरथरते. रुंद तोंड चुका पोटात घालतं, अरुंद तोंड नेमकेपणा मागतं. तार ढिली असली तर चेंडू लांब उडतो, घट्ट असली तर ताब्यात राहतो, पण कोपराला झटका बसतो. मुठीचं माप तर घरीच कळतं. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं, तर मूठ बरोबर. मोठ्यांची रॅकेट 27 इंचांची असते. लहान मुलांसाठी 19 इंचांपासून वाढत्या मापात मिळते.

शिवाय एकदा निवडली म्हणजे कायमची झाली, असंही नसतं. जिमी कॉनर्सने पोलादी रॅकेट सगळ्यांनी सोडल्यावरही वर्षानुवर्षं वापरली, कारण ती त्याच्या हातात मुरली होती. उलट रॉजर फेडररने इतके किताब जिंकल्यावर, तिशी ओलांडल्यावर, 90 चौरस इंचांची रॅकेट ठेवून मोठ्या तोंडाची घेतली. शरीर बदलतं, खेळ बदलतो, मग हत्यारही बदलावं. बाळंतपणानंतर, चाळिशीनंतर, कोपर दुखायला लागल्यावर कालचीच रॅकेट ओढत राहण्यात मोठेपणा नाही.

आपल्या राज्यातल्या मुली आज पुढे आहेत. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने 2014 च्या आशियाई खेळांत सानिया मिर्झासोबत कांस्यपदक मिळवलं. ऋतुजा भोसलेने 2023 साली हांगझोऊला रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीत सुवर्ण जिंकलं.

पण आपल्या घरांत अजून काय होतं? भावाची जुनी रॅकेट बहिणीला मिळते. ती तिला जड जाते, मूठ हातात मावत नाही, चेंडू जाळीत जातो, आणि आपण म्हणतो, पोरीला खेळ जमत नाही. मैत्रिणींनो, तसं म्हणण्याआधी तिच्या मुठीत एक बोट घालून बघा. रॅकेट टेनिसची असो की बॅडमिंटनची, की हातात बॅट असो, वस्तू पोरीच्या मापाची हवी. नवी घेणं परवडत नसेल तर जुनीच बघा, पण तिच्या हातात देऊन, दोन-चार फटके मारायला लावून बघा. खुरपं घेताना आपण आपल्यासाठी एवढं करतोच. लेकीसाठीही करू या.