मार्लवाईचे माजी विद्यार्थी

माजी विद्यार्थ्यांचा लौकिक सांगताना आपण पदव्या आणि हुद्दे मोजतो. मला मात्र आज आदिलाबादच्या डोंगरातील मार्लवाईचे स्मरण होते.

१९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम गोळीबारात मारले गेले. गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. त्यांच्याच पुढाकाराने १९४३ मध्ये मार्लवाईस गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. पुस्तके गोंडीत, लिपी देवनागरी. कारण या गोंडांना मराठी परिचयाची होती. (सेतुमाधवराव पगडींनी गोंडीचे व्याकरण लिहिले, तेही याच जिल्ह्यातील अनुभवावर.)

तेथून बाहेर पडलेले कोणी शिक्षक झाले, कोणी गावचे कारभारी कामगार. आपल्या लेखी ही पदे लहान! परंतु जमिनीच्या पट्ट्यावर काय लिहिले आहे हे परक्याला विचारावे लागणाऱ्या वस्तीत वाचणारा घरचाच निघाला, याचे मोल ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनाच ठाऊक.

१९५६ साली किनवट आणि राजुरा तालुके आदिलाबादपासून तुटून मराठी मुलुखात आले. उरलेल्या जिल्ह्यात तेलुगू ही शाळेची भाषा झाली आणि देवनागरीतील ती गोंडी पुस्तके मागे पडली. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये वारले. त्यांची व पत्नी एलिझाबेथ यांची समाधी मार्लवाईतच आहे.